नवं मॅग्नम काडतूस किती पाण्यात आहे? बेळगाव-खानापूरकडच्या बंदूकप्रेमींसाठी पायरीपायरीने हिशेब

दर जानेवारीत अमेरिकेत बंदुकांचं मोठं प्रदर्शन भरतं, एखादं नवं काडतूस जाहीर होतं आणि आठवड्याभरात त्याचे व्हिडिओ निपाणी-खानापूरच्या फोनांवर फिरू लागतात. मग विचारणा सुरू होते. विचारणारे दोन जातीचे असतात. एक आपली कॅनडा-न्यूझीलंडला नोकरीला गेलेली पोरं. तिथं त्यांनी रीतसर शिकारीचं लायसन काढलेलं असतं आणि पहिली रायफल कुठल्या काडतुसाची घ्यावी हे कळत नसतं. दुसरे इथलेच, ज्यांचा ऊस नाहीतर भुईमूग रात्रीत रानडुकरांनी उलथापालथा केलेला असतो. पहिल्यांसाठी हा सगळा लेख आहे. दुसऱ्यांनी निदान पुढचा भाग नीट वाचावा, म्हणून तो आधीच घेतो.

आधी कायदा, मग काडतूस

आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ९ ते सांगतं. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने लावल्या. त्यात गवा पहिल्या अनुसूचीत आहे आणि रानडुक्कर दुसऱ्या. गव्याला हात लावलात तर किमान तीन वर्षं आत. रानडुक्कर पिकाची नासाडी करत असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. ती कागदावर हवी. "फॉरेस्टवाल्याला सांगून ठेवलंय" याला कोर्टात काडीची किंमत नाही. भीमगड अभयारण्याच्या कडेला, जांबोटी-कणकुंबी-हेमाडग्याकडे तर या बाबतीत दुप्पट सावध राहावं. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, रेंज ऑफिसला अर्ज द्या, पाहणी करून घ्या आणि वन खात्याकडे भरपाईचा दावा लावा.

बंदुकीचं लायसन १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली डीसी ऑफिसातून मिळतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं. किती काडतुसं बाळगायची हे लायसनवर लिहिलेलं असतं आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. सीमेवरच्या लोकांची एक गोम मात्र वेगळी. लायसन कुठल्या हद्दीपुरतं चालतं हेही त्याच्यावर लिहिलेलं असतं. शेत खानापूर तालुक्यात आणि सासुरवाडी चंदगडला, अशी घरं आपल्याकडे शेकड्यांनी. लायसन फक्त कर्नाटकापुरतं असेल आणि बंदूक गाडीत घालून कोगनोळीचा नाका ओलांडला किंवा चोर्ला घाटातून गोव्यात उतरलात, तर तो गुन्हा आहे. बंदूक रिकामी होती ही सबब चालत नाही.

आपल्याकडच्या लायसनवर मिळतं काय? बारा बोअर, पीक राखायला ठासणीची, आणि रायफलमध्ये मुख्यतः ३१५ बोअर किंवा ३०-०६. ३१५ ची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनतात. परदेशी रायफल खाजगी माणसाने मागवणं जवळजवळ बंद आहे. नामांकित नेमबाजांना सवलत असते, तीही नियमांच्या चौकटीत. तेव्हा पुढे ज्या मॅग्नमचा हिशेब मांडतोय ते इथं कुणाच्या कपाटात यायचं नाही. हिशेब करायची रीत मात्र ३१५ लाही तीच लागू पडते.

पायरी १: "मॅग्नम" हा शब्द बाजूला ठेवा

मॅग्नम म्हणजे अमुक दाब आणि तमुक वेग असं कुणी ठरवून दिलेलं नाही. कंपनीला वाटलं की लावलं. रायफलींच्या बाबतीत ही परंपरा बऱ्याच अंशी १९१२ च्या ३७५ हॉलंड अँड हॉलंडपासून येते. त्या काडतुसाच्या केसला, म्हणजे दारू भरायच्या नळकांड्याला, खांदा (तोंडाकडे निमुळतं होतं तो भाग) फार उतरता होता, म्हणून नळीत ते नेमक्या खोलीवर अडावं यासाठी बुडाशी पितळेचा पट्टा ठेवला. पुढे १९६२ चं ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम आणि १९६३ चं ३०० विंचेस्टर मॅग्नम आलं. त्यांचे खांदे चांगले ठसठशीत होते, पट्ट्याची गरज उरली नव्हती, तरी पट्टा राहिला. ग्राहकाला पट्टा दिसला की मॅग्नम वाटायचं, इतकंच.

उदाहरणाला मी ७ मिमी पीआरसी घेतो. हॉर्नाडी कंपनीने ते २०२२ च्या अखेरीस आणलं, आता ते बऱ्याच रायफलींत मिळतं आणि आपल्या पोरांच्या तोंडी सध्या हेच नाव असतं. केसचं मूळ ३७५ रूगरचं, बुडाला पट्टा नाही, कमाल दाब ६५,००० पीएसआय (चौरस इंचावर इतके पौंड). जुन्या ७ मिमी रेमिंग्टनचा ६१,००० होता.

पायरी २: नवं नेमकं काय आहे ते शोधा

दोन्ही काडतुसांच्या गोळीचा व्यास एकच आहे, ०.२८४ इंच. दारूची जागाही फार वेगळी नाही. मग फरक कशात?

फरक गोळीच्या लांबीत आणि नळीच्या पिळात, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचांत. साठच्या दशकात १४० ते १६० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या धरून रेमिंग्टनची नळी आखली गेली. साधारण सव्वानऊ ते साडेनऊ इंचांत एक वेढा असा तिचा पीळ. आजच्या गोळ्या लांब, टोकदार आणि मागून निमुळत्या असतात, कारण अशी गोळी हवेत वेग कमी गमावते. पण लांब गोळी स्थिर फिरायला पीळ घट्ट लागतो. जुन्या रायफलीत ती घालायची तर केसमध्ये खोल दाबून बसवावी लागते, नाहीतर मॅगझिनमध्ये मावत नाही. खोल बसवली की दारूची जागा खाते. पीआरसीत केस मुळातच थोडी आखूड ठेवली, गोळीला पुढे मोकळी जागा सोडली आणि पीळ आठ इंचांत एक केला.

म्हणजे जादू दारूत नाही, मांडणीत आहे. नव्या काडतुसाची जाहिरात वाचताना हाच प्रश्न विचारायचा: जास्त दारू कोंबून वेग वाढवलाय, की चांगली गोळी नीट बसेल अशी जागा केलीय? पहिल्या प्रकारात धक्का आणि नळीची झीज पदरात पडते. दुसऱ्या प्रकारात निदान काही कमावलेलं असतं.

२०२५ मध्ये फेडरल कंपनीने ७ मिमी बॅककंट्री आणलं, ते या दोन्हींहून निराळं. पितळेऐवजी खास पोलादाची केस, ८०,००० पीएसआय दाब, आणि फक्त २० इंची नळीतून १७० ग्रेनच्या गोळीला सेकंदाला ३,००० फूट वेग. आखूड नळीतून एवढं काढणं ही खरी नवी गोष्ट आहे. पण त्याला त्या दाबासाठी बनवलेलीच रायफल हवी. घरातल्या जुन्या रायफलीवर नळी बदलून बघू, असला उद्योग त्याच्या बाबतीत स्वप्नातही करू नये.

पायरी ३: डब्यावरचा वेग कुठल्या नळीचा?

१७५ ग्रेनची गोळी, सेकंदाला ३,००० फूट, असं पीआरसीच्या डब्यावर असतं. हा आकडा २४ इंची नळीचा. दुकानात तुम्ही २० इंची उचललीत तर दर इंचाला साधारण २० ते ३० फूट वजा धरा, म्हणजे शंभरएक फूट गेले. मग उरलेला वेग जुन्या काडतुसाच्या वेगाशी ताडून बघा. बऱ्याच वेळा नवेपणा तिथंच संपतो. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, हाताशी असेल तर आपल्या रायफलीचा वेग स्वतः मोजावा आणि डबा विसरून जावा.

पायरी ४: तोळ्याने मोजलेली ताकद

ग्रेन हे वजन आपल्याला परकं वाटतं, पण जुना सराफी तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, ११.६६ ग्रॅम. म्हणजे ३०-०६ ची नेहमीची १८० ग्रेनची गोळी पुरती एक तोळा, आणि पीआरसीची १७५ ग्रेनची तोळ्याला किंचित कमी.

आता हिशेब. गोळीचं वजन किलोत, वेग सेकंदाला मीटरमध्ये. वेगाचा वर्ग करा, वजनाने गुणा, निम्मं करा. उत्तर जूलमध्ये येतं.

३०-०६: ०.०११६६ किलो, ८२३ मीटर. सुमारे ३,९५० जूल.
७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम, १६२ ग्रेन: ०.०१०५ किलो, ८९६ मीटर. सुमारे ४,२०० जूल.
७ मिमी पीआरसी: ०.०११३४ किलो, ९१४ मीटर. सुमारे ४,७४० जूल.

आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेली माणसं गल्लोगल्ली आहेत, त्यांच्यासाठी अजून एक: जुन्या एसएलआर या फौजी रायफलीचं ७.६२ काडतूस सुमारे ३,३०० जूलचं. ती खांद्याला लावून ज्यांनी रेंज मारली आहे त्यांना पीआरसीचं काम साधारण दीडपट असल्याचा अंदाज इथंच येईल. एसएलआर जड होती आणि तिचं गॅसवर चालणारं यंत्र धक्का थोडा पसरवायचं. शिकारी रायफलीत हाताने मागेपुढे ओढायचा बोल्ट असतो आणि वजन कमी. सगळा हिशेब थेट खांद्यावर.

पायरी ५: अंतर. इथं घाई करू नका

बहुतेक लोक ताकदीच्या आकड्यावर थांबतात. मॅग्नमचं खरं माप अंतरावर कळतं, आणि तिथं भलेभले फसतात.

रायफल २०० यार्डांवर झिरो केली असं धरा, म्हणजे २०० वर गोळी नेमकी जिथं धरली तिथं लागते. ३०० यार्डांवर ३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी साधारण आठ-साडेआठ इंच खाली जाते. पीआरसीची सहा इंच. एवढा खर्च करून हातात आले दोन-अडीच इंच! मोठ्या जनावराची छाती, म्हणजे काळीज आणि फुफ्फुसांची जागा, यापेक्षा कितीतरी मोठी असते. शंभर यार्डांवर तर फरक बोटाच्या रुंदीचाही राहत नाही.

वाऱ्याचं गणित मात्र वेगळं आहे. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे पानं सळसळतात आणि बारीक फांद्या हलत राहतात एवढाच. त्यात ३०० यार्डांवर ३०-०६ ची गोळी साधारण सात इंच बाजूला जाते, पीआरसीची चार. ५०० यार्डांवर हाच फरक वीस इंच विरुद्ध अकरा होतो. गोळी किती खाली जाणार हे दुर्बिणीच्या चकतीवर आधी मांडता येतं, अंतर मोजायला लेझर यंत्र मिळतं. वारा मात्र दर क्षणाला बदलतो आणि तो मोजणारा माणूसच असतो. म्हणून लांब, घसरत्या आकाराच्या गोळीचा सगळ्यात मोठा फायदा हा की वाऱ्याचा अंदाज चुकला तरी ती थोडं सांभाळून घेते. हा आकार किती चांगला ते बॅलिस्टिक कोएफिशंट या आकड्यावरून कळतं. पीआरसीच्या १७५ ग्रेन गोळीचा तो ०.६८९ देतात, रेमिंग्टनच्या १६२ ग्रेनचा ०.६३१. आकडा जितका मोठा तितकी हवा कमी अडवते.

आता हे आपल्या भूगोलात ठेवून बघा. खानापूरच्या जंगलात पावसाळ्यानंतर पन्नास-साठ मीटरपलीकडे जनावर सोडाच, बैलगाडी दिसत नाही. उसाच्या फडाच्या कडेला रात्री बॅटरीचा झोत जिथवर नीट पोचतो तेवढंच अंतर. अशा ठिकाणी मॅग्नमचा वरचा सगळा जोर कागदावरच राहतो, उलट गोळी फार पुढे जाते हा धोका वाढतो. मागे वस्ती, गोठा, दुसऱ्याचं शेत. दुसरीकडे, अल्बर्टाच्या कुरणात किंवा न्यूझीलंडच्या डोंगरउतारावर ३५०-४०० यार्डांवरचं जनावर नेहमीचं असतं आणि वारा थांबत नाही. त्या पोराला पीआरसीचा उपयोग आहे. त्यालासुद्धा पाइनच्या दाट रानात फिरायचं असेल तर ३०-०६ किंवा ३०८ पुष्कळ झालं.

एक बारकावा. कंपन्यांचे तक्ते बहुधा समुद्रसपाटीची हवा आणि १५ अंश तापमान धरून केलेले असतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचावर आहे. इथली हवा थोडी विरळ, म्हणून गोळी थोडी कमी अडते. २,००० मीटर उंचीवर हा फरक लांब पल्ल्याला जाणवण्याइतका होतो. तक्ता आहे तसा छापून रायफलीच्या दस्त्यावर चिकटवू नका, आपल्या उंचीचं गणित मोबाइलवर वेगळं करून घ्या.

पायरी ६: खांदा काय म्हणतो

धक्क्याची ताकद रायफलीच्या वजनाच्या उलट प्रमाणात असते. तेच काडतूस चार किलोच्या ऐवजी तीन किलोच्या रायफलीतून मारलं तर धक्का एक तृतीयांशाने वाढतो. डोंगर चढायला हलकी रायफल हवी आणि मारायला जड, हे भांडण कुठल्याही कंपनीने अजून मिटवलेलं नाही.

धक्क्याने खांदा दुखतो हे खरं दुखणं नव्हे. खरं दुखणं असं की माणूस घोडा दाबण्याआधीच डोळे मिटतो आणि नकळत रायफल ढकलतो. हे तपासायची जुनी युक्ती आहे. रेंजवर मित्राला रायफल भरून द्यायला सांगा, मधूनच त्याने रिकामी द्यावी आणि तुम्हाला सांगू नये. रिकाम्या रायफलीचा घोडा दाबताना नळीचं टोक खाली डुचकलं, तर तुमचं काडतूस तुमच्यासाठी मोठं आहे. चर्चा तिथं संपली. एक पायरी खाली या.

नळीच्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे वायू बाजूला वळवणारी भोकांची टोपी, लावला की धक्का बराच कमी होतो, पण आवाज शेजाऱ्याच्या कानात जातो. साध्या रायफलीचाही बार कानाला कायमची इजा करण्याएवढा मोठा असतो. ब्रेकच्या रायफलीशेजारी कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही लावावेत. जुन्या फौजींपैकी किती जणांना एका कानाने कमी ऐकू येतं ते त्यांच्या घरच्यांना विचारा.

पायरी ७: गोळी कुठल्या वेगाला उमलते

शिकारी गोळी जनावरात शिरल्यावर पुढून उमलावी लागते. बऱ्याच गोळ्यांना त्यासाठी लागताना निदान १,६०० ते २,००० फूट वेग हवा. नेमका आकडा गोळीगणिक बदलतो आणि कंपनी तो सांगते. ५०० यार्डांवर ३०-०६ ची गोळी १,८०० च्या आसपास येते, म्हणजे काठावर. पीआरसीची तिथं अजून २,३०० च्या वर असते. तुमच्या गोळीचा आकडा जिथं संपतो तिथं तुमचं अंतर संपलं, रायफल कितीही लांब मारत असो.

उलट बाजूही आहे. पन्नास यार्डांवर मॅग्नमची गोळी २,९०० च्या वेगाने हाडावर आदळली तर मऊ गोळीचे तुकडे होतात, जखम उथळ राहते आणि जनावर जखमी होऊन पळतं. जवळचाही प्रसंग येणार असेल तर तांब्याची सलग किंवा आवरण वितळवून जोडलेली गोळी घ्यावी. तांब्याची गोळी त्याच वजनाला जास्त लांब भरते, म्हणून पीळ घट्ट हवाच. दुसऱ्या पायरीचा मुद्दा इथं पुन्हा लागतो.

पायरी ८: दुकानात काडतूस आहे का?

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात कामाचं. रायफल घ्यायच्या आधी राहत्या गावातल्या तीन दुकानांत फोन लावा. ३०-०६ आणि ३०० विंचेस्टर मॅग्नम खेड्यातल्या दुकानातही असतं; नवं काडतूस शहरात असतं, तेही एक-दोन प्रकारचं. सामान विमानात हरवलं आणि तुम्ही शिकारीच्या तळावर रिकाम्या हाताने उतरलात, तर नवेपणाचा काय उपयोग? नळीची झीजही धरा. मॅग्नमच्या नळीचा गळा, म्हणजे काडतुसाच्या लगेच पुढचा भाग, जास्त उष्णतेमुळे लवकर खरवडतो. हजार-दीड हजार बारांनंतर नेम हळूहळू सैल पडायला लागला तर नवल नाही. वर्षाला चाळीस बार मारणाऱ्याला याची चिंता नको. दर रविवारी रेंजवर जाणाऱ्याने मात्र सरावाला लहान काडतुसाची दुसरी रायफल ठेवावी.

पायरी ९: शेवटची चाचणी

तीन गोळ्यांचा घट्ट घोस फेसबुकवर टाकायला बरा. दहा मारा, मग बोला. नंतर टेबल सोडा. २० सेंटिमीटरची ताटली लावा आणि रानात जसं बसाल तसं, गुडघ्यावर किंवा काठीच्या आधाराने, धाप लागलेली असताना पाच गोळ्या मारा. पाचही ताटलीत बसल्या तर पन्नास यार्ड मागे सरका. एक जरी बाहेर गेली तर त्याच्या अलीकडचं अंतर हे तुमचं अंतर. बहुतेकांचं हे अंतर २०० ते २५० यार्डांत येतं. तिथवर ३०-०६ आणि पीआरसी यांत वाऱ्याचा एक-दोन इंच फरक आहे. तो फरक विकत घ्यायचा की त्या पैशात काडतुसं घेऊन सराव करायचा? माझं मत सरावाकडे आहे. तीनशेच्या पुढे पाचही बसवणारा कुणी असेल तर त्याने खुशाल पीआरसी घ्यावं, त्याला ते शोभतं.

परदेशातून सुट्टीला येणाऱ्यांना एक सांगणं. शिकारीचं जाकीट आणि रेंजची पाठपिशवी गावाला आणूच नका. आणायचीच असेल तर प्रत्येक खिसा उलटा करून, शिवणीत बोटं घालून बघा. तळाशी विसरलेलं एक जिवंत काडतूस गोव्याच्या किंवा सांबऱ्याच्या विमानतळावर क्ष-किरण यंत्रात दिसलं, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो आणि सुट्टी वकिलाकडे जाते. आठवण म्हणून आणलेल्या रिकाम्या केसवरूनही तासभर चौकशी होते. ती तिथंच ठेवा.